बहुरूप्याच्या अंगातली खाकी

हे पत्र सावकाश वाच गं. पुण्याहून रोज फोन करतीस ते बरंय, पण "आजी, जेवलीस का" विचारायच्या आधी "तोतया पोलिसांची बातमी बघितलीस का, दार उघडू नकोस" हेच सांगतीस. असं करू नये बाई. तुला सगळं सांगितलंच न्हाय म्या, म्हणून आज लिहून काढते.

गेल्या वर्षी सुगी उरकली होती. टीव्हीवर कुठल्याशा शहरातली म्हातारी दाखवत होते. पोलीस म्हणून आलेल्या दोघांनी "पुढं खून झालाय, दागिने काढून पिशवीत ठेवा" असं सांगून तिच्या पाटल्या नेल्या. तेच चित्र सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. म्हातारी एकच, पण मला वाटलं, वीस म्हाताऱ्या लुटल्या! आणि खऱ्या पोलिसाचं म्हणशील तर टीव्हीत तो मला दोनच कामं करताना दिसायचा, काठी मारायचं न्हायतर उशिरा पोचायचं.

दुसऱ्या दिवशी दारात खाकीतला माणूस उभा. "आक्का, तुमच्या नावाचं वॉरंट हाय, चला!"

आता आमच्याकडं सुगीनंतर बहुरूपी येतो. पोलिसाचं सोंग घेतो, खोटं वॉरंट वाचतो, हसवतो आणि सूपभर ज्वारी घेऊन जातो. लगीन झाल्यापासून बघते मी. मधी दोन-तीन वर्षं कुणी आलं नव्हतं एवढंच. पण त्या दिवशी मला ते आठवलंच न्हाय. गळ्यातली बोरमाळ मुठीत धरली आणि ओरडले, "तोतया! धावा!"

गल्ली धावली. कुणी पट्टा ओढला, कुणी टोपी उडवली. बिचारा म्हणतोय, "आवं, म्या बहुरूपी हाय! माझा बाप यायचा ह्याच दारात!" ऐकतं कोण? जो तो एका हातात काठी, दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन. त्याचा ओठ फुटला तेव्हा मला त्याच्या पायातल्या टायरच्या चपला दिसल्या. असा कुठला पोलीस, आणि असा कुठला चोर? म्या "थांबा, थांबा" म्हणले, पण माझं आधीचं ओरडणंच मोठं झालं होतं.

कुणीतरी फोन केला असंल. स्कूटीवरून एकटी पोलीसबाई आली. तुझ्याएवढीच, हडकुळी. सरळ घुसली आणि त्याच्यापुढं उभी राहिली. एक काठी तिच्याच दंडावर बसली, तशी गल्ली मागं सरली.

"चोर असंल तर माझ्या ताब्यात हाय. काठ्या खाली." मग मागं वळून त्याला म्हणाली, "बहुरूपी हायस न्हवं? मग वाच माझं वॉरंट."

फुटक्या ओठानं, रडत रडत त्यानं सुरू केलं, "म्याडमच्या स्कूटीनं... गावातलं समदं खड्डं मोजलं... एक बी भरला न्हाय... शिक्षा, सूपभर ज्वारी!"

पहिलं हसू तिचं, मग गल्लीचं. मला मात्र रडू आलं. त्याच्या बापाचाच सूर होता गं तो.

ओट्यावर बसवून ओठाला हळद लावली, दोघांना च्या दिला. तो म्हणाला, "आक्का, आता खाकी घालायची भीती वाटती."

ती बशीत बघत म्हणाली, "मला बी वाटती."

दिवस मावळायच्या आत मोबाईलवर बातमी आली, गावकऱ्यांनी तोतया पकडला म्हणून. त्यात मार होता, वॉरंट नव्हतं. ती बातमी तशीच राहिली असती तर त्याला एका गावात पाय टाकता आला नसता. तुझ्या काकूला म्हणलं, "धर मोबाईल, काढ माझा व्हिडिओ." आणि बोलले, "वरडले म्या. चूक माझी. ह्यो आपला बहुरूपी हाय. मारू नका, ज्वारी द्या." पोलीसबाईनं ते पुढं पाठवलं. ढोकीपासून सास्तूरपर्यंत गावोगाव पोचलं म्हणे. देवाचे उपकार, आणि त्या पोरीचे त्याहून जास्त.

यंदा तो आला, खाकीतच! माझं वॉरंट वाचलं, खोटी आरोळी ठोकली म्हणून दोन सुपं. म्या तीन घातली. मग म्हणाला, "नात कुठाय?" म्या सांगितलं, तर तुझ्या नावाचंबी लिहिलंय त्यानं, दोन दिवाळ्या आजीकडं न आल्याचा गुन्हा. जामीन मिळत न्हाय म्हणतो. तवा लौकर हजर हो बाई. दार उघडंच हाय.