भिंत खलास

सोहारच्या जुन्या बर्फाच्या कारखान्यात फ्लॅट काढायचं काम चालू होतं. मी तिथला इंजिनियर, ओमानात येऊन आठवडाही झाला नव्हता. त्यातलाच एक फ्लॅट मला मिळणार होता, म्हणून बायको आणि मुलगी रत्नागिरीत वाट बघत बसल्या होत्या. सगळं अडलं होतं समुद्राकडच्या दगडी भिंतीपाशी. तिचा तडा नीट भरला गेला नाही, तर अख्खी इमारतच पाडणार होते.

भिंतीसाठी एक म्हातारा गवंडी आला. राजापूरकडचा मुसलमान, पांढरी दाढी, कानामागे पेन्सिल. नाव विचारायचं राहूनच गेलं. आधी तो थापीच्या मुठीनं भिंतीवर टकटक करायचा, मग कान लावून ऐकायचा आणि मगच चुना भरायचा. मी मधे बोललो की बोट वर करून मला गप्प बसवायचा.

चौथ्या दिवशी हात धुऊन माझ्याकडे आला.

"भिंत खलास, साहेब."

मी भिंतीकडे बघितलं. "म्हणजे आता काहीच होणार नाही?"

"आता काय व्हायचं ऱ्हायलंय?"

माझा चेहरा बघून तो हसायला लागला. "साहेब, गावात खलास म्हंजे मेला. इकडं खलास म्हंजे काम झालं. ठोकून बघा."

मी ठोकलं. भरीव आवाज आला. पुन्हा ठोकलं, उगाचच.

संध्याकाळी बायकोला फोन लावला. तिनं पहिलं भिंतीचंच विचारलं.

"खलास," मी म्हणालो.

"म्हणजे इमारत पाडणार?" तिनं विचारलं, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

"अगं, सामान बांधायला घे."