डाखवाल्यांचे छुपे बटण

गाडीत अलार्म बसवणाऱ्या माणसाचे निम्मे आयुष्य उलटे पडून जाते. डोके ब्रेकच्या पेडलपाशी, कंबर सीटच्या कडेवर, पाय दाराबाहेर. डाखवाल्यांचे पाय असे चाळीस वर्षे लोकांच्या गाड्यांबाहेर लोंबकळत होते. जुनी गिऱ्हाइके त्यांना तोंडापेक्षा टाचांवरून लवकर ओळखत.

डाखवाले हे काही आडनाव नव्हे. वायरच्या प्रत्येक सांध्याला ते डाख देत, म्हणजे सोल्डर वितळवून तो पक्का करत, म्हणून नाव पडले. बाकीचे कारागीर दोन तारा पिळतात, वर काळी टेप गुंडाळतात आणि हात झटकतात. त्यांच्याविषयी डाखवाल्यांचे मत एका वाक्याचे होते. "टेप म्हणजे झाकण. झाकणाखाली काय शिजवलंयस ते दाखव."

त्यांना एका अलार्मला चार तास लागत. आधी बॅटरीची तार काढायची. नवी वायर गाडीच्या मूळ वायरींच्या जुडग्यातूनच न्यायची, ती कंपनीतूनच आली असे वाटले पाहिजे. भोंग्याचे तोंड खाली, नाहीतर त्यात पाणी साठते. धक्का ओळखणारी डबी पत्र्याला स्क्रूने घट्ट, नाहीतर मांजर बॉनेटवर चढले तरी गाडी बोंबलते आणि ट्रक आदळला तरी गप्प राहते. आणि हे सगळे झाले की शेवटी बटण.

अलार्मबरोबर चण्याएवढे एक बटण येते. रिमोट हरवला तर काय, म्हणून दिलेली ती सोय. चावी फिरवल्यावर दहा सेकंदांत ते दाबले की भोंगा बंद होतो आणि इंजिन चालू होते. जास्त वेळ दाबून धरले तर गाडी नवा रिमोट ओळखायला शिकते. म्हणजे बटण ज्याच्या बोटाला लागले, गाडी त्याची. म्हणून ते लपवायचे असते. डाखवाले ते दर गाडीत वेगळ्या जागी लपवत, आणि जागा ठरवायला कधी कधी अर्धा तास नुसते सीटवर बसून राहत. मग दुकानातल्या सगळ्यांना बाहेर काढत, शटर अर्धे ओढत, गाडीच्या मालकाला आत घेत आणि त्याचे बोट धरून बटणावर ठेवत.

"कळलं?"

"कळलं."

"झालं तर. आता मी विसरलो."

आणि ते खरोखरच विसरत. वही नाही, खूण नाही. विसरणे हाही कामाचाच भाग आहे आणि तो नीट करता आला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे.

तीन महिन्यांपूर्वी दुकानाच्या मालकाचा मेहुणा तिथे कामाला आला. आधी तो कपड्यांच्या दुकानात होता, मग मोबाईलच्या दुकानात, मग बरेच दिवस घरी. बहिणीने नवऱ्याच्या गळ्यात बांधला. पोरगा बोलायला गोड. पंधरा दिवस डाखवाल्यांच्या शेजारी उभा राहिला, आणि सोळाव्या दिवशी आपल्याला सगळे आले असे त्याने जाहीर केले. महिनाभरात दुकानावर पाटी लागली : चाळीस मिनिटांत अलार्म.

"काका, लोकांना वेळ नाही हो," मेहुणा म्हणायचा. "चार तास कोण थांबतो?"

"गाडी घ्यायला दहा वर्षं थांबतात," डाखवाले म्हणाले. "चोराच्या हाती द्यायची तेवढी घाई."

मेहुण्याच्या कामाकडे ते बघत नसत. बघितले की तळपायाची आग मस्तकात जायची. पिळलेल्या तारा, लोंबणारी डबी, आभाळाकडे तोंड केलेला भोंगा. त्याने डॅशबोर्डखाली घातलेले डोके पाच मिनिटांत बाहेर यायचे, कारण मान दुखते. मान दुखणारच. मान दुखू द्यायची नसेल तर दुसरा धंदा आहे. पण मालकाला कळवून उपयोग नव्हता. मेहुण्याच्या आठवड्याला सहा गाड्या, यांच्या दोन. मालकाला आकडे समजत, सांधे समजत नसत.

मग एका महिन्यात गावातल्या चार गाड्या गेल्या. चारही गाड्यांत याच दुकानाचा अलार्म.

फौजदार दुकानात आला तो भर दुपारी, गिऱ्हाइकांसमोर. खुर्चीवर न बसताच म्हणाला, "चोर काच फोडतो, चावीच्या जागी पाना घालून फिरवतो. भोंगा आठ-दहा सेकंद वाजतो आणि बंद. चारही ठिकाणी शेजाऱ्यांनी हेच सांगितलं. म्हणजे ते बटण कुठे आहे हे त्याला माहीत होतं. बटण कोण लपवतं इथे?"

मालक पंख्याकडे बघू लागला. मेहुण्याला मात्र उत्तर तयार होते. "वायरिंगचं सगळं काकाच बघतात, साहेब. चाळीस वर्षं झाली त्यांना. आम्ही काय, नुसते हाताखाली."

डाखवाल्यांनी हातातली वायर खाली ठेवली. मालकाकडे बघितले. मालकाचा पंखा अजून बघून व्हायचा होता.

"उद्या अकराला चौकीवर या," फौजदार म्हणाला.

तो गेल्यावर मालक हळूच जवळ आला. "काका, दोन-चार दिवस घरीच थांबता का? लोक बोलतात हो. दुकानाचं नाव..."

"दुकानाचं नाव," डाखवाले म्हणाले. त्यांनी अवजारांची पेटी बंद केली आणि निघाले. दारात उभे असलेले एक गिऱ्हाईक बाजूला सरकले. नेहमी 'काय काका' म्हणणारा माणूस. आज मोबाईलमध्ये बघू लागला. चाळीस वर्षे कमावलेली गोष्ट त्या एका बाजूला सरकण्यात गेली, हे त्यांना स्पष्ट कळले.

घरी बायको भाजी निवडत होती. "आज उजेडात कसे आलात?"

त्यांनी सांगितले. तिने निवडायचे थांबवले.

"मग तिथल्या तिथे सांगायचं ना, हे काम माझं नाही म्हणून!"

"चहाडी करू?"

"आयुष्यभर दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवलीत. नळ बसवणाऱ्याला सोडलं नाहीत, खिडकीवाल्याला सोडलं नाहीत. माझ्या भावाने हौसेने फळी ठोकून दिली, तर तिच्यावर पातळी मोजायची बुडबुड्याची पट्टी ठेवून बघितलीत. आणि आता खरंच नाव ठेवायची वेळ आली तर तोंड शिवून बसलात?"

"तुझ्या भावाची फळी वाकडीच आहे."

"असू दे वाकडी. त्याला चौकीवर नाही बोलावलं कुणी."

अवजारांची पेटी कोपऱ्यात ठेवत ते म्हणाले, "सांगून पटत नसतं. दाखवावं लागतं."

दुसऱ्या दिवशी अकराला दहा कमी असताना ते चौकीच्या आवारात उभे होते. चारांतली एक गाडी तिथे आणून लावली होती. पेट्रोल संपले म्हणून चोराने वाटेतच सोडून दिलेली. म्हणजे चोरसुद्धा असाच, पाट्या टाकणारा.

"साहेब, जबाब नंतर घ्या," डाखवाले म्हणाले. "आधी या गाडीत बसा. स्टिअरिंगच्या खाली डावीकडे हात घाला. कंपनीने सोडलेलं एक रिकामं भोक असतं, तिथे."

फौजदाराने हात घातला. "हं. बटण आहे."

"दुकानातून गाड्यांच्या पावत्या मागवा. त्यांवर गाडी आल्याची आणि गेल्याची वेळ असते. चोरीला गेलेल्या चारही गाड्या चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत बाहेर पडलेल्या दिसतील. तेवढ्या वेळात माझी निम्मी वायरसुद्धा ओढून होत नाही. आता डॅशबोर्डखालची टेप सोडवा. डाख दिसतोय कुठे?"

फौजदाराने टेप सोडवली. पिळलेल्या तारा टेपबरोबरच सुटून त्याच्या हातात आल्या.

"हे माझं काम नाही," डाखवाले म्हणाले. "आणि यात कुणी चोराला सांगायचीही गरज नाही. चाळीस मिनिटांच्या प्रत्येक गाडीत बटण याच भोकात आहे, येता-जाता दिसायचं मला. चोराने स्वतःची गाडी दुकानात आणून रीतसर अलार्म बसवून घेतला असेल. एक बघितली की सगळ्या बघितल्या."

फौजदार गाडीतून उतरला. माणूस हुशार होता, पण पोलीस होता. "हे तुम्ही म्हणता. तुमच्या हातची एखादी गाडी दाखवा."

चौकीच्या समोरच दातांच्या डॉक्टरचा दवाखाना होता. त्याची गाडी डाखवाल्यांनी वर्षापूर्वी केली होती. डॉक्टर तोंडावरचा मास्क खाली ओढत आला आणि लगेच सुरू झाला, "हेच ते. चार तास बसवून ठेवलं होतं मला. मी दाढ काढायलासुद्धा इतका वेळ लावत नाही."

"तुमच्या पेशंटला विचारा," डाखवाले म्हणाले.

गाडी आवारात आणली. फौजदाराने डॉक्टरला लांब उभे केले आणि रिमोट काढून घेतला. हवालदार आत बसला. दार उघडताच भोंग्याने चौकी डोक्यावर घेतली. हवालदाराने चावी फिरवली आणि शोधायला लागला. स्टिअरिंगखाली, सीटखाली, पायपुसण्याखाली. आत कोठडीतला माणूस ओरडून विचारू लागला की आग लागली काय. दहा मिनिटांनी हवालदार कानांवर हात ठेवून बाहेर आला.

"आता तुम्ही," फौजदार डाखवाल्यांना ओरडून म्हणाला. "तुम्हीच लपवलंय ना?"

"लपवलं आणि विसरलो!"

"काय?"

"विसरलो!"

"शोधा तरी!"

डाखवाले शिरले. सवयीप्रमाणे डोके पेडलपाशी, पाय बाहेर. आपले काम चोराच्या बाजूने त्यांनी कधी बघितले नव्हते. बोटे वायरींवरून फिरत गेली. कुठे गाठ नाही, कुठे फुगवटा नाही. कंपनीची वायर कुठे संपते आणि आपली कुठे सुरू होते, ते त्यांनाच कळेना. साठीची कंबर कुरकुरायला लागली, शर्ट पाठीला चिकटला, भोंगा कानात खिळे ठोकत होता, आणि पाव तास झाला तरी बटण हाताला लागेना. ते बाहेर आले तेव्हा तोंड लाल झाले होते. पण ओठ घट्ट मिटलेले, हसू फुटू नये म्हणून.

"नाटक करत असतील," हवालदार म्हणाला.

"असा घाम नाटकात येत नाही," फौजदार म्हणाला. "आणि नाटक असलं, तरी पावत्या नाटक करणार नाहीत." त्याने डॉक्टरला खूण केली. डॉक्टर सीटवर बसला, चावी फिरवली आणि पाठ करून एकदाच कुठेतरी हात नेला. शांतता पसरली. त्याने हात कुठे नेला ते कुणालाच दिसले नाही.

पावत्या आल्या. चार गाड्या : एक्केचाळीस मिनिटे, चाळीस, चव्वेचाळीस, अडतीस. आणि आठवड्याच्या आत त्याच पावत्यांतून एक गिऱ्हाईक सापडले, ज्याने आपल्या खटारा गाडीला हौसेने अलार्म बसवून घेतला होता आणि बसवताना मेहुण्याशेजारी उभे राहून फार आपुलकीने प्रश्न विचारले होते. मेहुण्याने सगळ्यांची उत्तरे दिली होती. गोड बोलायची सवय.

मग मालक डाखवाल्यांच्या घरी आला. वाकड्या फळीखालच्या खुर्चीवर बसला, पाणी प्यायला, चहाला नको म्हणाला आणि प्यायला.

"काका, झालं गेलं विसरा. विसरण्यात तुम्ही वस्ताद." त्याला हा विनोद वाटला होता. कुणी हसले नाही. "मेहुण्याने केलेल्या अजून त्रेचाळीस गाड्या आहेत बाहेर. सगळ्यांची बटणं हलवायला हवीत. तुम्ही उद्यापासून या आणि करून टाका. गवगवा नको."

"त्या मी करणार नाही," डाखवाले म्हणाले. "ज्याने बसवली तो काढेल, तोच सांधे सोडवेल, तोच डाख देईल. मी स्टुलावर बसेन."

"त्याला जमेल?"

"मान दुखेल. जमेल."

"बरं. तसं करू."

"आणि गिऱ्हाइकांना फोन तुम्ही करायचे. माझ्यासमोर."

मालकाने डाखवाल्यांच्या बायकोकडे बघितले. ती भाजी निवडत होती, आणि भाजी तिला कधी नव्हे इतकी आवडत असावी.

सोमवारी सकाळी दुकान उघडले. पहिली गाडी आत होती. तिच्या दाराबाहेर मेहुण्याचे नवे बूट लोंबत होते. आतून कण्हण्याचा आवाज येत होता. डाखवाले स्टुलावर. समोर मालक, फोन कानाला.

"नमस्कार. आपल्या अलार्ममध्ये जरा तांत्रिक अडचण आहे. नेहमीचीच तपासणी..."

"ठेवा," डाखवाले म्हणाले. "पुन्हा लावा."

मालकाने फोन ठेवला. पुन्हा लावला. "नमस्कार. मघाशी मीच. आमच्याकडून आपल्या गाडीचं काम नीट झालेलं नाही."

डाखवाले वाट बघत राहिले.

"नाही, नाही. काकांनी नाही केलेलं. काकांचा काही संबंध नाही. माझ्या मेहुण्याने केलं होतं."

डॅशबोर्डखालून आवाज आला, "दाजी, जरा हळू बोला ना!"

"मोठ्याने बोला मालक," डाखवाले म्हणाले. "अजून बेचाळीस आहेत."