शास्त्रीबुवांच्या अर्जाचं उत्तर

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी आजवर चहा टाकायला उठून जायचे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघड वाटतंय... पण घरी विषय काढला की निखिल, माझा नवरा, "स्ट्रेस आहे गं तुला" म्हणतो आणि विषय संपतो.

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये, श्रूजबरीला राहतो. जवळच्या शहरातल्या एका जुन्या विद्वत्संस्थेत मी पार्ट-टाइम काम करते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा तिथला ऑफिसचा पत्रव्यवहार स्कॅन करायचा. कोळसा मागवला, छत गळतंय, अमक्याची रजा... इतकं कंटाळवाणं, की घरी त्याबद्दल बोलणंच होत नसे.

गेल्या हिवाळ्यात एका बॉक्समधून एका मराठी शास्त्र्यांचे अर्ज निघाले. संस्कृत पोथ्यांची सूची करायला त्यांना आणलं होतं. काम झालं होतं, आता घरी जायचं होतं. एका अर्जात लिहिलं होतं – थंडीने पाय सुजलेत, बूट चढत नाहीत. सेक्रेटरीचं उत्तर दर वेळी तेच: विनंती समितीपुढे ठेवली आहे. वाईट वाटलं. स्कॅन केलं, बॉक्स बंद केला. घरी अवाक्षर नाही.

घरी सासूबाई होत्या. रियाला, आमच्या मुलीला सांभाळायला नागपूरहून आल्या, त्या राहिल्याच. "आता मला जाऊ द्या गं," म्हणायच्या. मी म्हणायचे, "बघू आई, समर होऊ दे." खरं सांगते, त्या गेल्या तर रियाला शाळेतून आणायचं कोणी, एवढाच प्रश्न होता.

एका शनिवारी दुपारी रिया किचनमधून बाहेर आली. "ममा, आजी इज टॉकिंग टु द चेअर."

मी आत गेले. आई टेबलाशी मेथी निवडत होत्या. समोरची खुर्ची ओढून ठेवलेली.

"कोणाशी बोलताय आई?"

"अगं, ते शास्त्रीबुवा. येतात अधूनमधून. बूट हातातच धरून बसतात बिचारे, पायात जात नाहीत म्हणे." मग माझ्याकडे बघून, "त्यांचा अर्ज तुझ्या ऑफिसात आहे ना? जाऊ देतायत का त्यांना?"

मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. आईंना इंग्रजी वाचता येत नाही. बॉक्स ऑफिसबाहेर जात नाहीत.

"तुम्हाला कोणी सांगितलं हे?"

"त्यांनीच. म्हणतात, नाही तर नाही म्हणा. पण सांगा तरी."

मला फक्त तिथून सुटायचं होतं. मी म्हणाले, "हो... मिळाली परवानगी."

आईंचा चेहरा काय उजळला! खुर्चीकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत ना?"

दुसऱ्या दिवशी मीच विचारलं. "गेले ते," आई म्हणाल्या. "जाताना विचारत होते, तुमचं कधी?" आणि परत हातातल्या कामात डोकं घातलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्याच संध्याकाळी मी निखिलला म्हटलं, "आईंचं तिकीट काढ."

"अगं यार, रियाचं काय?"

"मी हाफ डे करीन. काढ तू."

बोस्टनच्या एअरपोर्टवर व्हीलचेअरमधून आत जाताना आई रियासाठी तेवढ्या वळल्या.

त्यानंतर ऑफिसात पुढचा बॉक्स उघडला. शास्त्री कुठेच गेले नव्हते. समितीची मीटिंग व्हायच्या आधीच, इथेच वारले. अंत्यविधीची व्यवस्था करायला सांगणारं सेक्रेटरीचं पत्र, स्वच्छ टाइप केलेलं... समोर होतं.

मग आमच्या किचनमधून निघून कोण गेलं? आईंना बुटांचं कसं कळलं? मला अजून काही उलगडलेलं नाही.

परवा नागपूरहून आईंचा व्हिडिओ कॉल आला. मागे त्यांची बहीण हसत होती. आईंनी विचारलं, "शास्त्रीबुवा नीट पोचले ना गं?"

"हो आई," मी म्हणाले. "पोचले."

"मग तू का रडतेस?"