मोरपिसाची काडी

मासे पकडण्याचा मला तिटकारा आहे, आजही आहे. पण बाबांना मुलगा नव्हता, थोरली बहीण लग्न होऊन गेली होती, आणि मी बालाघाटातच शाळेत शिकवत होते. त्यामुळे कणीक मळणं, दोरीचा गुंता सोडवणं आणि तडफडता मासा पिशवीत कोंबणं ही कामं माझ्याच गळ्यात पडली.

बाबा कोर्टातून पेशकार म्हणून रिटायर झालेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मीठ समजून वरणात साखर घालायचे आणि वर "मले असंच आवडते" म्हणत ते खायचे. गावात डोळ्यांचं शिबिर लागणार होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, यंदा ऑपरेशन टाळलं तर उजवा डोळा हातचा जाईल. हे मी बाबांना पन्नास वेळा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. नाव लिहायला दोन दिवस उरले, तेव्हा त्यांनीच करार मांडला.

"उद्या तलावावर जाऊ. काडी बुडताना म्या सोता पाहीन, सोता मासा काढीन. काढला तं शिबिराचं नाव या घरात कोणी घ्याचं नाही. नाही काढला तं ने मले कुठंबी."

आई म्हणाली, "हौ म्हण बाई, नाही तं हे ऐकाचे नाहीत."

काडी म्हणजे मोरपिसाचा दांडा. दोरीला बांधला की पाण्यावर उभा तरंगतो. मासा लागला की बुडतो, आणि मग ओढायचं. सगळी नजर त्याच्यावर.

डिसेंबरातली थंडी होती. हट्टा गावाच्या रस्त्याला रिक्षा सोडली आणि धानाच्या शेतांतल्या कापलेल्या बांध्यांमधून चालत निघालो. बाबा दोनदा ठेचकाळले. "बाबा, हात धरा ना," म्हटलं, तर म्हणाले, "म्या काय आंधळा हाय?" तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, चढताना एका झुडपालाच "सरक ना बे" म्हणाले. मी हसले नाही. मला तेव्हा हसूच येत नव्हतं.

दोरीला नेहमीसारखा गुंता. तो सोडवायला मी काडी काढली, तर बाबांची घाई सुरू. "किती वेळ? दुपारी खातेत का मासे?" माझी बोटं गारठलेली, डोकं तापलेलं. कसाबसा गुंता सोडवला, गळाला कणकेचा गोळा लावला आणि बांबू त्यांच्या हातात दिला. त्यांनी गळ टाकला, दोरी बोटावर घेतली आणि बसले.

मग कानाला पीडा सुरू झाली.

"काडी डुलून राह्यली."

"बरं."

"आता उजवीकडं गेली. चूप बस, हलली!"

मी शिंगाड्याच्या वेलांवर येणारं ऊन पाहत बसले होते. अशी तासभर कॉमेंटरी. काडी थरथरली, काडी थांबली, काडीवर चतुर बसला. शेवटी वैतागून मी पाण्याकडे नीट पाहिलं. काडी दिसेना. चकाकीमुळे असेल म्हटलं. नाक पुसायला रुमाल काढावा म्हणून स्वेटरच्या खिशात हात घातला, तर बोटाला काडी लागली.

मी ती परत बांधलीच नव्हती.

"पाह्य, कशी सरळ उभी हाय," बाबा म्हणाले.

मला इतका संताप आला की काडी त्यांच्या मांडीवर फेकावीशी वाटली. या हट्टापायी डोळा घालवणार हा माणूस! मी तोंड उघडलं, तेवढ्यात दोरी ताणली. बाबांनी बोटाने ओळखलं, झटका दिला आणि ओढत आणला एक रोहू, चांगला हातभर. तलावाला ऐकू जाईल असं ओरडले, "पाह्यलं? बुडताना पाह्यली म्या! आता शिबिर बंद!"

मी काडी त्यांच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी ती चिमटीत फिरवली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट नेलं. मग दोरी हातात घेऊन गळापर्यंत चाचपत गेले. रोहू गवतात आपटत होता.

"कधीपासून तुह्यापाशी हाय?"

"पहिल्यापासून."

त्यांनी चाचपून रोहू पकडला आणि स्वतःच पिशवीत घातला.

"करारात 'सोता पाहीन' होतं," ते म्हणाले. "नाव कधीलोक लिहून घेतेत?"

"उद्यापर्यंत."

"मंग आजच जाऊ. पण काडीचं तुह्या आईले सांगू नको."

महिनोन्‌महिने मी हेच ऐकायला तडफडत होते. आणि ऐकलं तेव्हा मला त्यांचाच राग आला, की इतक्या लवकर कसे हरले. निदान थोडं भांडायचं तरी.

पाळ उतरताना त्यांनी न सांगता माझा हात धरला. माशाची पिशवी मात्र मला दिली नाही.