कोरम पाडण्याचा बेत

केंद्र सरकारच्या एका कार्यालयात तीस वर्षं मी सभांचे वृत्तांत इंग्रजीतून हिंदीत आणले. त्यामुळे कोरम या शब्दाशी माझी अगदी घरोब्याची ओळख. निवृत्त झाल्यावर ती गाझियाबादच्या आमच्या मराठी मंडळावर वापरायचा मोह झाला.

माझी बायको मंडळाच्या खोलीत दर रविवारी मुलांना मराठी शिकवायची. मुलं सहा. फ्लॅटमध्ये वाढलेल्या त्या पोरांना ‘उंबरठा’ समजावायला तिने एक अख्खा रविवार खर्ची घातला होता. आता ती खोली झुंबाला द्यावी, असा ठराव वार्षिक सभेत येणार होता. आपली माणसं किती येतील याचा भरवसा नाही, पण ठरावाच्या बाजूचे आठ जण नक्की येणार. कोरम मात्र पंधराचा. म्हणजे आपलीच माणसं आली नाहीत, तर सभा बारगळणार आणि वर्ग निदान वर्षभर वाचणार! मी गुपचूप मुलांच्या आईवडिलांना आणि बायकोच्या मैत्रिणींना फोन करून ‘येऊ नका’ म्हणून सांगितलं.

“अरे यार काका, मला बोलायचं होतं,” एक बाप कुरकुरला.

“पुढच्या वर्षी बोल,” मी म्हणालो. बायकोला यातलं काही सांगितलं नाही. तिने ते होऊच दिलं नसतं.

सभेला अकरा डोकी आली. सेक्रेटरी हा पुण्याहून आलेला आयटीतला तरुण. “कोरम नाहीये. चलो, अर्धा तास सभा तहकूब, चहा घेऊ,” तो म्हणाला. मी इतका खूश होतो, की चहाबरोबर सगळ्यांना लॅटिनही पाजलं. कोरम हे मुळात नामच नाही. ते संबंधी सर्वनाम, षष्ठी विभक्ती, अनेकवचन, अर्थ ‘ज्यांच्यापैकी’. इंग्लंडात पूर्वी न्यायाधीश नेमताना सनदेत लॅटिनमध्ये लिहीत, ‘ज्यांच्यापैकी तुम्ही एक असावं अशी आमची इच्छा आहे.’ इंग्रजीने त्या वाक्यातला एवढाच तुकडा उचलून त्याचं नाम केलं. आपण त्याला पुल्लिंगी करून भरायला लावलं.

“थोडक्यात, हा शब्द डोकी मोजण्याचा नव्हे, नाव घेऊन बोलावण्याचा!” मी म्हणालो.

“बिल्कुल,” म्हणत सेक्रेटरीने दुसरा वडा उचलला. मग घड्याळ पाहून सगळ्यांना परत बसवलं.

“पण कोरम?” मी ओरडलो.

“काका, तहकूब झालेल्या सभेला कोरम लागत नाही. मंडळाच्या घटनेत शेवटच्या पानावर आहे.”

हेच वाक्य नोकरीत मी कमीत कमी शंभरदा अनुवादलं असेल. ठराव आठ विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाला. आमच्या दोघांव्यतिरिक्त तिसरं मत एका आजोबांचं होतं. त्यांना फोन करायचं मी विसरलो होतो.

परतताना आम्ही ई-रिक्षात बसलो. बायको म्हणाली, “खोली गेली त्याचं काही नाही हो. वर्ग मी घरीही घेईन. पण सहा मुलांपैकी एकाचेही आईबाप येऊ नयेत? माझ्या मैत्रिणीसुद्धा?” तिचे डोळे भरून आले. मला इतकी लाज वाटली, की मी तिथेच सगळं ओकून टाकलं आणि बोलणी खायला तयार होऊन बसलो.

“म्हणजे ते येणार होते?” तिने विचारलं.

“सगळे.”

घर येईपर्यंत तिने हेच आणखी दोनदा विचारलं. शेवटच्या वेळी ती चक्क हसत होती, आणि ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.