सासऱ्यांची बंदूक आणि पंधरा दिवसांचा वर्ग

“बायलमाणसाक बंदूक शिकान काय करूचा आसा?” हा प्रश्न मला आमच्या गावातल्या निदान वीस पुरुषांनी विचारला असेल. त्या विसांतल्या एकानेही कधी रताळ्यांच्या मळ्यात उभं राहून डुकरं हाकलली नव्हती. आज इतक्या वर्षांनी लिहायला बसले तरी डोकं तापतं. तापू दे.

मालवणपासून दोन कोसांवर, खाडीच्या पलीकडे आमचा गाव. पाठीशी डोंगर, डोंगरात रान आणि रानात डुकरं. भात कापून झालं की आम्ही मळ्यात रताळी लावायचो, आणि ती पोसायला लागली की डुकरं खाली उतरायची. एका फेरीत अर्धा मळा उकरून ठेवायची. नवरा मालाच्या बोटीवर होता. त्याचं पत्र चार-चार महिन्यांनी यायचं आणि तो स्वतः दोन-तीन वर्षांनी. घरात सासरे, सासू आणि मी. पावसाळ्यापर्यंत आमच्या पोटाला आधार त्या मळ्याचा होता.

सासऱ्यांकडे ठासणीची एकनळी बंदूक होती, पीक राखण्याचा परवाना असलेली. नळीत दारू ओतायची, चिंधी घालून गजाने ठासायची, वर छर्रे, पुन्हा चिंधी, मग ठिणगी पाडणारं केप लावून चाप ओढायचा. तिचा बार झाला की डुकरं आठ दिवस फिरकत नसत. शिवाय त्या बंदुकीला गावात मान होता. दसऱ्याला देवाची तरंगं, म्हणजे लुगडी नेसवून सजवलेले देवाचे उंच खांब, सोनं लुटायला देवळाबाहेर निघत ते आमच्या घरच्या बंदुकीचा बार झाल्यावर. असा आमच्याकडचा रिवाज.

चीनची लढाई झाली त्या वर्षी श्रावणात सासरे गेले. परवाना त्यांच्या नावावर, म्हणून बंदूक पोलीस चौकीत जमा झाली. त्या दसऱ्याला शेजारच्या गावची बंदूक आणून गावाने वेळ मारून नेली. डुकरांसाठी मात्र कोणी काही मागून आणलं नाही. सासू आणि मी डबे बडवत बसायचो.

कचेरीत गेले तेव्हा कारकून म्हणाला, “वारसाने अर्ज करायचा आणि बंदूक चालवण्याच्या शिक्षणाचा दाखला जोडायचा.” लढाईमुळे मालवणात नागरिकांसाठी तसा वर्ग निघालाच होता, पंधरा दिवसांचा. बायकांनाही मुभा होती. मी घरी येऊन सासूला हे सांगते आहे तोवर अंगणापलीकडच्या घरातून चुलत दीर हजर.

“वयनी, तू कित्याक त्रास घेतंस? मी जातंय वर्गाक. बंदूक माझ्याकडे ऱ्हवली काय नि तुझ्याकडे ऱ्हवली काय, घर एकच मा?”

घर एकच! चुली दोन, विहिरी दोन, फणसाच्या झाडावरून पाच वर्षं अबोला, आणि आता घर एकच. रताळी लावणं तर त्याने केव्हाच सोडलं होतं. त्याला बंदूक हवी होती ती वर्षातून एक दिवस, दसऱ्याला, सगळ्यांदेखत बार काढायला. बाकीचे दिवस ती त्याच्या भिंतीवर टांगलेली राहिली असती आणि माझा मळा डुकरांच्या पोटात गेला असता. मी म्हटलं, “वर्गाक मी जातलंय.”

झालं! दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या गावाला पोटदुखी. शेवटी गावकर, म्हणजे देवळात देवाला गाऱ्हाणं घालण्याचा मान असलेले म्हातारे, म्हणाले की देवाला कौल लावूया. आणि इथे मी चुकले. मी कबूल झाले.

आमच्याकडे लग्न असो, म्हैस हरवलेली असो, देवाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. मूर्तीवर पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न घालायचा, उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्न घालताना गावकर एक एक वाक्य म्हणतात आणि जमलेल्या लोकांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. वाक्य काय आहे इकडे कोणाचं लक्ष नसतं, तोंडाची सवय. मी विचार केला, देव काय सांगायचा तो सांगेल. पण प्रश्नाचे शब्द कोण ठरवणार, हे विचारायचं मला सुचलंच नाही. ते दिराने आधीच ठरवून ठेवले होते.

गावकर म्हणाले, “बा देवा म्हाराजा, ह्या घराचो जो बंदुकीचो मान आसा...”

“व्हय म्हाराजा!”

“...तो दुसऱ्या रक्ताच्या हातात जावचो, असा तुझ्या मनात आसा काय?”

“व्हय म्हाराजा!”

डावी पाकळी पडली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गेले होते पंधरा दिवसांच्या वर्गाचं विचारायला, आणि ह्यांनी विचारलं रक्ताचं! अकरा वर्षं त्या घरात राबले, सासऱ्यांचं शेवटचं दुखणं काढलं, आणि मी दुसरं रक्त. देवावर माझा राग नाही. त्याला जे विचारलं त्याचं उत्तर त्याने दिलं.

घरी येऊन मी माजघरात बसून राहिले. खरं सांगायचं तर वर्गाला जावं की नाही हे तेव्हा माझं मलाच ठरवता येईना. पंधरा दिवस रोज होडीने खाडी ओलांडून दोन कोस जायचं आणि दोन कोस यायचं. तोवर मळा म्हाताऱ्या सासूवर. कौल विरुद्ध. आणि वर्गात शिकवणार पलटणीतली बंदूक, तिचा आमच्या ठासणीशी संबंध काय? एवढं करून दाखला मिळाला तरी परवाना मिळेलच असं कोणी सांगितलं होतं? नको ती कटकट, असंही एकदा मनात आलं.

सासू चुलीपुढे पेज ढवळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “शिरा पडो त्येंच्या तोंडार. तू जा गो. देवाक काय सांगूचा ता मी सांगतंय.”

मी गेले.

तिथे पन्नासेक पुरुष आणि बायका तीन, दोन शाळामास्तरणी आणि मी. शिकवायला घाटावरचे एक निवृत्त हवालदार. वर्गाच्या चालकांनी पहिल्याच दिवशी आम्हा तिघींना पट्ट्या गुंडाळायला बसवलं. जखमी जवानांच्या सेवेला म्हणे. मी म्हटलं, “माझ्याकडे जखमी कोणी नाही, डुकरं आहेत.” लोक हसले. हसा, म्हटलं. तिसऱ्या दिवशीही पट्ट्याच पुढे आल्या तेव्हा मी उठून हवालदारांपुढे जाऊन उभी राहिले आणि बंदूक हातात मिळेपर्यंत हलले नाही.

मिळाली. पण त्या वर्गाचं मी काय सांगू! सावधान, विश्राम, डावीकडे वळ, उजवीकडे वळ. माणशी पाच काडतुसं, तीही शेवटच्या दोन दिवसांत. समोर कागद. कागद काय चालून येतो? काडतूस मागून घालायचं म्हणाले तेव्हा मी विचारलं, दारू कुठून ठासायची? पुन्हा हशा. चुलत दिरानेही नाव घातलं होतं. तो पहिल्या दिवशी आला, आणि एकदम शेवटच्या दिवशी, फोटो होता म्हणून, तेल लावून भांग पाडून. हवालदारांनी त्याला फोटोत बसू दिलं, दाखला दिला नाही.

हवालदार माणूस सरळ. एका संध्याकाळी मला म्हणाले, “बाई, खोटं सांगत नाही, तुमच्या बंदुकीसाठी हा वर्ग निरुपयोगी आहे.” आणि मग सगळे गेल्यावर एका काठीवर त्यांनी मला ठासणीची बंदूक कशी भरायची, दारू किती, केप कधी लावायचं, सगळं दाखवलं. त्यांच्या घरीही तसलीच होती. वर म्हणाले, “दोन गोष्टी लक्षात ठेवा. भरलेली बंदूक दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. आणि समोर काय आहे ते दिसल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही.” तो एक तास सोडला तर बाकीचे दिवस पाण्यात गेले. पण तो तास वर्गाला गेले नसते तर मिळाला नसता.

दाखला मिळाला, कागदांमागे चार महिने फिरून परवानाही मिळाला. बंदूक घरी आली तोवर त्या वर्षीची निम्मी रताळी डुकरांनी खाल्ली होती. उरलेली मी राखली. एकदा दिवस मावळायच्या सुमाराला मळ्याच्या कडेची झुडपं जोरात हलली. बंदूक भरलेली होती. हवालदारांचं बोलणं आठवलं, थांबले. झुडपातून दिराचं वासरू बाहेर आलं. त्याला हे मी कधी सांगितलं नाही, सांगून तो काही आभार मानणार नव्हता.

मग दसरा आला. तरंगं सजून उभी, ढोल वाजताहेत, आणि गावकर मला म्हणतात, “बंदूक तुझ्या दिराकडे दी.”

मी म्हटलं, “परवानो माझ्या नावार आसा. दुसऱ्याक देवक जमाचा नाय.”

“मग तूच काढ बार, बेगीन.”

“मी कशी काढू? देवान डावो कौल दिल्यान ना? मी दुसऱ्या रक्ताची.”

ढोल थांबले. गावकर दिराकडे बघायला लागले, दीर जमिनीकडे. मी म्हटलं, गाऱ्हाणं पुन्हा घाला, आणि शब्द मी सांगते. दुसरा इलाज नव्हता. म्हाताऱ्यांनी घसा खाकरून हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, ह्या सुनेन मळो राखल्यान...”

“व्हय म्हाराजा!”

“...तिचो हात तो ह्या घराचोच हात आसा, ता मान्य करून घे.”

“व्हय म्हाराजा!”

सगळ्यांत मोठा आवाज दिराचा. सवयीने म्हणाला आणि मग जीभ चावली. मी पाकळीबिकळीची वाट बघितली नाही. दारू ठासली, बार काढला, तरंगं निघाली. सासू देवळाच्या पायरीवर पदरात तोंड लपवून हसत होती.

इथे गोष्ट संपली असती तर मला राग कशाला आला असता?

पुढच्या वर्षी गणपतीनंतर नवरा रजेवर आला. दीर आणि गावकर त्याला कचेरीत घेऊन गेले, आणि सासऱ्यांच्या त्या बंदुकीचा परवाना माझ्या नावावरून त्याच्या नावावर करून आले. एका फेरीत! मला कोणी विचारलं नाही, आणि त्याच्याकडे कोणी दाखला मागितला नाही. घरचा पुरुष आला, आता बाईचं काय काम? ज्याने जन्मात बंदूक धरली नव्हती तो संध्याकाळी पान खात मला म्हणतो, “तुझ्या डोक्यावरचो भार कमी केलंय.” मी ताटं उचलून आत गेले. बोलले असते तर भांडं फेकून बोलले असते.

दसऱ्याला तो नवा पांढरा सदरा घालून बंदूक घेऊन देवळापुढे उभा राहिला. तरंगं सजलेली, सगळा गाव भोवती, दीर शेजारी छाती काढून. ढोल थांबले. नवऱ्याने नळीत एकदा वाकून बघितलं, गज उलटसुलट करून पाहिला, मग हळूच माझ्याकडे सरकून कानाशी म्हणाला, “दारू किती घालतत गो?”

“पंधरा दिवसांचो वर्ग आसता,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. “तुमी जावन येवा. तवसर देव थांबतलो.”

आणि हाताची घडी घालून उभी राहिले.