साडेपंचवीस फुटांना एक आडवं बोट कमी

शेंदूरजनाघाटच्या मंजुषाची गणिताशी जी कुस्ती चाललेली आहे, ती पाहून पाहून घरचे थकले, पण ही काही थकायचं नाव घेत नाही. चिडते, वही आपटते, पुन्हा उचलते. छत्तीस वर्षांची बाई, नववीत शाळा सुटलेली. माहेर तिवश्याचं. तिथं आई अंथरुणाला खिळली आणि हिच्या हातात दप्तराच्या जागी पोळपाट आला तो आलाच. आता हिची पोरगी रागिणी नववीत आहे, आणि मायलेकी एकाच चटईवर एकच पुस्तक घेऊन बसतात. आई विद्यार्थी, लेक मास्तर.

या वयात दहावी कशाला, असं ज्यानं त्यानं विचारून झालं. तर अचलपूरकडे एका ठिकाणी संत्र्याच्या कलमांचं प्रशिक्षण असतं. खुंटावर संत्र्याचा डोळा भरून कलम बांधायला मंजुषाचा हात असा बसलेला, की शंभरातली नव्वद कलमं जगतात. शिकून आली तर स्वतःची रोपवाटिका टाकेल. पण तिथं दहावी पास लागते. हात कोणी बघत नाही, कागद बघतात. म्हणून मुक्त शाळेतून परीक्षेला बसली. मराठी सुटलं, विज्ञान सुटलं, गणितात दोनदा आपटली. दोन्ही वेळा घात केला तो करणीनं. ज्या आकड्याचं वर्गमूळ धड निघत नाही, त्याला त्या चिन्हाच्या छपराखालीच राहू द्यायचं, ती करणी.

"रूट दोन अधिक रूट आठ," रागिणीनं घातलं.

"रूट दहा."

"आई! तिसऱ्यांदा सांगून राहिली मी, छपराखालचे आकडे असे मिळवता नाही येत."

"काहून नाही येत? दोन अन् आठ दहा नाही होत का? तुह्या पुस्तकात नऊ होते का?"

"होते दहाच, पण..."

"मंग कटकट कशाची!" मंजुषानं पेन भिरकावला. तो कोंबडीजवळ पडला. कोंबडी उडाली. रागिणी हसली, त्याचा आणखी राग.

आता हिचे सासरे नत्थुजी. पंचक्रोशीत कोणाची नवी संत्राबाग लागायची असली, की आखणीला नत्थुजी. दर अठरा फुटांवर झाड, सगळीकडून चौकोन. रांग वाकडी गेली तर पुढं वखर फिरत नाही. त्यासाठी त्यांच्याकडे दोन दोऱ्या. एकीवर अठरा अठरा फुटांवर पांढऱ्या चिंध्या. दुसरी तिरपी दोरी, चौकाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाणारी. तिच्यावर एकच लाल चिंधी, साडेपंचवीस फुटांना एक आडवं बोट कमी. दोन्ही तिरप्या सारख्या भरल्या की चौक खरा. पंधरा वर्षं दोरीचं दुसरं टोक धरते ती मंजुषा.

त्या हिवाळ्यात खुशालरावांच्या वावरात आखणी होती. नत्थुजी म्हणाले, "सूनबाई, एक एक चौक पाहू नको. दोन बाय दोनाचा मोठा चौक घे, अन् तिरपं मोज."

मंजुषानं दोरी ताणली. लाल चिंधी बरोबर मधल्या खुंटीवर आली. तिथून पुन्हा ताणली, चिंधी कोपऱ्यावर. ती तशीच उकिडवी बसून राहिली.

"काय झालं वं? काटा रुतला काय?"

"थांबा ना, मामाजी." बोटानं मातीत लिहू लागली. चौकाची बाजू एक धरली, तर एकाचा वर्ग एक, दुसऱ्या बाजूचाही एक, मिळून दोन. तिरपी झाली रूट दोन. या मोठ्या चौकाची बाजू दोन. दोनाचा वर्ग चार, आणखी चार, मिळून आठ. तिरपी झाली रूट आठ. "अन् हे तं आपल्या दोनच दोऱ्या हायेत! रूट आठ म्हणजे दोन वेळा रूट दोन. एक दोरी अन् दोन दोऱ्या, तीन दोऱ्या. दहा कुठून आणले होते म्या?"

"मले काय मालूम," नत्थुजी म्हणाले. "उन्ह चढून राहिलं, दोरी धर."

त्या दिवसापासून घरात दोऱ्याच दोऱ्या. रूट अठरा, तीन दोऱ्या. रूट पन्नास, पाच दोऱ्या. रागिणीलाही ते पुस्तकापेक्षा बरं वाटलं, पण कबूल करेल तर ती मास्तर कसली.

परीक्षेत नेमकं तेच आलं, रूट पन्नास अधिक रूट आठ. मंजुषा उड्या मारतच घरी आली.

"पाच दोऱ्या अन् दोन दोऱ्या, सात रूट दोन! लिहिलं म्या."

"शाब्बास!" रागिणी म्हणाली. मग आईच्या चेहऱ्यावरची जरा जास्तच ऐट पाहून तिला शंका आली. "पुढं काही लिहिलं तं नाही ना?"

"खोडून आकडा काढला ना. नऊ पूर्णांक आठ."

"खोडलं? काहून खोडलं, आई? सात रूट दोन हेच उत्तर होतं!"

"ते कसं उत्तर? कोणी विचारलं किती फूट दोरी, तं काय सांगू, सात रूट दोन? दुकानदार कापून देईन का? अर्धवट सोडलं म्हणतीन."

"अर्धवटच सोडायचं असते ते!"

निकाल लागला. दोन गुणांनी राहिली. ते गणित दोनच गुणांचं होतं, हे रागिणीनं मनात ठेवलं, पण मंजुषाला काय बेरीज येत नाही? अचलपूरचं वर्ष गेलं. दोन दिवस भाजीत मीठ कधी दुप्पट, कधी नाहीच.

तिसऱ्या दिवशी नत्थुजी अंगणात तिरपी दोरी घेऊन बसले होते. लाल चिंधीची गाठ सोडून ती बोटभर अलीकडं बांधत होते.

"दर साली काहून सरकवता तिले?" मंजुषानं घुश्शातच विचारलं.

"तिची जागा मले आजवर बरोबर सापडलीच नाही. टेप लावला तरी कधी केसभर जास्त, कधी केसभर कमी. चौक मात्र खरा येते."

"पंधरा वर्षं टोक धरलं म्या! सांगितलं काहून नाही?"

"तू इचारलं कधी?"

मंजुषा पाय आपटत आत गेली, वही उघडली. रूट पन्नास अधिक रूट आठ. पाच, दोन, सात रूट दोन. हात पुढं आकड्याकडं निघालाच होता. तिनं पेनाचं टोपण लावलं, पेन रागिणीच्या हातात कोंबला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.

"हे काय, आई?"

"काही नाही. फारम भरायची तारीख पाहून ठेव. अन् मी मागतल्याबिगर पेन देऊ नको मले."